सोफ्यावर झोपणार कोण?

सोफा-कम-बेड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग विचारतं. मग कापड धुता येतं का, आत गाद्या-चादरी किती मावतात, जिन्यातून वर चढेल का. मी सगळ्याची उत्तरं द्यायचे आणि मग माझा एक प्रश्न विचारायचे, ‘यावर झोपणार कोण?’ बहुतेक जण थोडे अवघडायचे आणि म्हणायचे, ‘कोणी पाहुणे आले तर, म्हणून घेऊन राहिलो.’ सत्तावीस वर्षांत मी एवढं शिकले, की पाहुण्यांसाठी फार थोडे सोफा-कम-बेड विकले जातात. पाहुणा दोन दिवस राहतो, त्याला खाली गादी टाकली तरी चालतं. हा सोफा घेतला जातो तो घरातल्या अशा माणसासाठी, ज्याच्या वाट्याला त्या घरात खोली आलेली नसते. कॉलेजात जाणारी भाची असते, संसार मोडून परत आलेला भाऊ असतो, गावाहून आलेले आईबाप असतात. दिवसा त्यांचं अंथरूण दिसू नये आणि रात्री त्यांना पाठ टेकता यावी, अशी ही वस्तू. ती विकणं हे माझं काम होतं. मागच्या वर्षी मी ते सोडलं.

मूळची मी मूर्तिजापूरची. लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा एसटीत कंडक्टर. मला शिवणकाम येत होतं, म्हणून एका फर्निचरच्या दुकानात कुशनची कव्हरं शिवायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं मशीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात बशीरभाईंचं सामान. बशीरभाई आमचे कारागीर. लोखंडी सांगाडे, बिजागऱ्या, स्प्रिंगा, सगळं त्यांच्या हातचं. पुढे दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला पुरुष माणसं होती.

मी पुढे आले ती एका शिक्षिकाबाईंमुळे. त्यांनी सोफ्यावर बसून पाहिलं, बाजारात खरबूज पाहतात तशी दोन बोटांनी गादी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, छान आहे. मी मागून कव्हर घेऊन येत होते. सहज विचारलं, झोपून नाही पाहिलं का? त्या लाजल्या. भर दुकानात चार पुरुषांसमोर बाईमाणूस आडवं कसं होणार? मग मी शिवायला घेतलेलं एक कापड दोन कपाटांच्या मधे बांधलं आणि म्हटलं, आता पाहा. बाई आडव्या झाल्या, कूस बदलली आणि मिनिटभरात उठून म्हणाल्या, की कमरेत काहीतरी टोचतं. जोडावरची पट्टी होती ती. दोन बोटांना ती कधीच सापडली नसती. दुसऱ्या दिवसापासून शेठनी मला पुढे उभं केलं आणि दुकानात पडदा कायमचा लागला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका तऱ्हेच्या सोफ्यात पाठ मागे पाडतात, की पाठ आणि बैठक मिळून पलंग होतो. उघडायला हा सोपा, पण मधला जोड नेमका कमरेखाली येतो. दुसऱ्या तऱ्हेत बैठकीखालून चाकांवरचा भाग पुढे ओढायचा आणि त्यावर गाद्या टाकायच्या. तिसऱ्यात लोखंडी सांगाड्यावर घडी केलेली गादी असते, ती उचलून, ओढून पसरायची. दिसायला हा सगळ्यांत भारी आणि उघडायलाही भारीच. फोम बोटांना मऊ लागला की लोक खूश होतात, पण तसला फोम वर्षभरात बसतो आणि म्हातारं माणूस त्यात रुतलं की त्याला उठताना धडकी भरते. बैठक गुडघ्याइतकी उंच हवी. पलंग उघडल्यावर भिंतीपर्यंत किती जागा उरते ते मोजायचं, कारण न्हाणीकडे जाणाऱ्याची वाट अडता कामा नये. आणि आमच्या वऱ्हाडात आणखी एक पाहावं लागतं, ते म्हणजे कूलर कोणत्या खिडकीत बसवलाय. मे महिन्यात फोम तापतो. ज्याच्या अंगावर कूलरचा वारा येत नाही, त्याला कितीही चांगला पलंग द्या, तो उठून फरशीवर जातो. मी लोकांना फोमवर कापसाची पातळ गादी टाकायला सांगायचे. शेठना ते आवडायचं नाही, कारण कापसाच्या गाद्या आम्ही विकत नव्हतो.

हे सगळं मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. एका चुकीतून कळलं, आणि ती चूक मी अजून विसरलेले नाही.

अकोल्याच्या दुकानात एक नवराबायको आले, सोबत नवऱ्याची आई. नवा फ्लॅट होता, त्यात एकच बेडरूम. सोफा आईसाठीच हवा हे त्यांनी लपवलं नाही. पण त्या मावशी दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. मी त्यांना पडद्यामागे बोलावलं, तर म्हणाल्या, ‘मले काहीबी चालते. पोराले पसंत पडू द्या.’ पोराला घडीच्या गादीचा, लोखंडी सांगाड्याचा पसंत पडला. मीही मावशींना पुन्हा म्हटलं नाही.

चार-पाच महिन्यांनी तक्रार आली, की बसलं की कुरकुर वाजतं. बशीरभाईंबरोबर मी गेले. दुपारची वेळ, मुलगा-सून कामावर, घरात मावशी एकट्या. बशीरभाईंनी सांगाडा बाहेर ओढला आणि आम्ही दोघंही पाहत राहिलो. आतल्या गादीवर दुकानातलं प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. मी मावशींकडे पाहिलं. आधी त्यांनी नजर चुकवली, मग सांगितलं, की तो सांगाडा त्यांना एकटीला ओढवत नाही. उघडायला रोज मुलाला हाक मारायची, तो दमून आलेला असतो, आणि सकाळी मिटवायला पुन्हा त्यालाच बोलवायचं. ‘दोन दिस त्यानं उघडला. तिसऱ्या दिशी मीच म्हटलं, राहू दे, मले खालीच झोप लागते.’ चटई सोफ्याच्या मागे गुंडाळून ठेवलेली होती. उलट त्यांनीच मला विनवलं, की पोराला यातलं काही सांगू नका, त्याला वाईट वाटेल.

वापरलेला माल शेठ परत घेत नसत. तरी मी भांडायला हवं होतं. मी नवीन होते, नोकरी हवी होती, गप्प बसले. बशीरभाईंनी बिजागरीत तेल घातलं आणि आम्ही निघालो. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, ‘शोभाताई, हमने सोफा बेचा, बेड नहीं बेचा.’

त्यानंतर मी ठरवलं, की ज्याच्यासाठी सोफा घ्यायचा त्या माणसाला दुकानात आणल्याशिवाय आणि त्याने आपल्या हातांनी तो उघडून, वर झोपून, उठून, पुन्हा मिटवून दाखवल्याशिवाय माल निघणार नाही. शक्य असेल तिथे मी घरी जाऊन टेप लावून यायचे. यामुळे काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानांत गेली आणि शेठ चिडले. पुढे तक्रारी येणंच कमी झालं तेव्हा त्यांनी बोलणं सोडलं. अमरावतीला दुसरं दुकान काढलं तेव्हा मला आणि बशीरभाईंना ते तिकडे घेऊन गेले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती अमरावतीची, तीन वर्षांपूर्वीची.

वैशाली नावाची तिशीतली एक मुलगी नवऱ्याबरोबर आली. एक हॉल, एक बेडरूम, दोन लहान मुलं असं त्यांचं घर. तिचे आईवडील नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात राहायचे. वावरात भाजीपाला आणि झेंडू लावायचे. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं होतं आणि आता रोज शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला अमरावतीच्या दवाखान्यात जायचं होतं. त्यानंतर इंजेक्शनं. सहा-सात महिने तरी आईला लेकीकडे राहावं लागणार होतं. वडील सोबत राहणार होते. वैशाली म्हणाली, की एका माणसापुरताच हवा, बाबा खालीच झोपतात, त्यांना सवय आहे.

मी म्हटलं, आईला घेऊन या.

दोन दिवसांनी ती दोघांना घेऊन आली. आई कौसल्याबाई, अंगानं बारीक, ऑपरेशनच्या बाजूचा हात पोटाशी जपून धरलेला. वडील वामनराव उंच, खांद्यावर दुपट्टा, झेंडू तोडून तोडून बोटं हिरवट पडलेली. मी कौसल्याबाईंना पडद्यामागे नेलं. एका हाताने त्यांना काही ओढता येणार नव्हतं. म्हणून पाठ पाडायचा हलका सोफा दाखवला. तो त्यांना डाव्या हाताने जमला. वैशालीने तोच ठरवला. वामनराव या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र ते वाकले आणि बैठक जमिनीपासून किती उंच आहे हे त्यांनी वीत लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तर वामनराव दाराशी उभे. एकटेच. लेक मायला घेऊन दवाखान्यात गेली, म्हणून इकडे आलो, म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी माझं गाव विचारलं. मूर्तिजापूर म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, कारण त्यांची बहीण दारव्ह्याकडे दिलेली होती आणि लहानपणी ते मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेत बसून तिच्याकडे जायचे. त्या गाडीच्या गोष्टी झाल्या, पाण्यापावसाच्या झाल्या. मग त्यांनी विचारलं, की दोघांचा सोफा येतो का?

येतो, पण तो तुमच्या लेकीच्या हॉलमधे मावणार नाही, मी म्हटलं. आणि तुम्ही खाली झोपता असं लेकीने सांगितलं.

‘लेकीनं बरोबर सांगतलं,’ ते म्हणाले. ‘गावाकडं मी आंगनात बाज टाकतो. नाहीतर खाली.’

मग ते थांबले. बराच वेळ त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं आणि तसंच खाली पाहत सांगितलं, ‘ऑपरेशन झाल्यापासून तिले भेव वाटते. झोपेत दचकून उठते. हात धरला का मंग झोपते.’

दवाखान्यात कॉटजवळ स्टूल होतं. त्यावर बसून ते तिचा हात धरायचे. आता लेकीचं घर, तिथे जावई, नातवंडं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी कधी तिला नावानं हाक मारली नव्हती. एका पलंगावर झोपायचं तर लेकीला आणि जावयाला कसं वाटेल? खाली झोपलं तर हात वर पोचत नव्हता. सध्या ती लेकीच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, त्याच्याशेजारी खाली पडून त्यांनी पाहिलं होतं. थोड्या वेळाने हाताला मुंग्या यायच्या, हात सुटायचा, की ती जागी. हे सांगताना त्यांनी आपला हात खुर्चीवरून वर करून दाखवला, कुठपर्यंत पोचतो आणि कुठे आखडतो ते.

‘असं काही होते का ताई,’ त्यांनी विचारलं, ‘का दिसाले एकाचाच दिसन?’

इतक्या वर्षांत लोकांनी मला आपल्या कंबरा सांगितल्या होत्या, गुडघे सांगितले होते, एकमेकांचं घोरणं सांगितलं होतं. असलं मागणं कोणी केलं नव्हतं. माझं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. सासू, दोन मुलं आणि आम्ही. नवरा मुक्कामाच्या गाडीवर असायचा, आणि घरी असला की पुढच्या खोलीत झोपायचा. मी मुलांबरोबर आत. यात काही वेगळं करता येईल असं आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नाही. तो गेला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. वामनराव बोलत होते आणि मी आठवून पाहत होते, की त्याचा हात मी शेवटचा कधी धरला होता. तोही दवाखान्यातच.

मी वामनरावांना म्हटलं, काकाजी, दोन दिवस द्या.

बशीरभाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत. मुलांच्या खोलीसाठी आम्ही कधी कधी एक पलंग करायचो, ज्याच्या खालून चाकांवरचा दुसरा पलंग निघतो. पण तो खालचा अगदी जमिनीलगत असतो. हात पोचण्याच्या हिशेबाने तो फरशीपेक्षा फार बरा नव्हता. बशीरभाईंनी मागच्या खोलीत एक बाकडं ठेवलं, त्याच्या शेजारी विटांवर प्लायवूड ठेवलं, त्यावर स्वतः झोपले आणि मला बाकड्यावर हात ठेवायला लावला. मग एक वीट वाढव, एक काढ, असं करत राहिले. शेवटी खालचा पलंग वरच्यापेक्षा चार बोटं खाली ठेवायचं ठरलं. पाहणाऱ्याला तो वेगळा दिसावा आणि कोपर न ताणता हात मात्र पोचावा, एवढंच अंतर. बाहेर ओढला की पाय उघडून तो उंच होईल आणि मिटवला की सोफ्याच्या पोटात जाईल, असं त्यांनी केलं. वरच्या बैठकीला उघडायचं काही ठेवलंच नाही. पाठीच्या उशा काढल्या की कौसल्याबाईंचा पलंग तयार. ओढायचं काम सगळं खालच्याचं, आणि ते वामनराव करणार होते.

शेठ म्हणाले, हा कोणता नमुना? पुन्हा कोणी मागणार नाही असा. मी म्हटलं, नाही मागितला तर नाही मागितला.

वैशालीला मी फोन करून एवढंच सांगितलं, की फरशीवर झोपून वडिलांची पाठ धरेल, तेव्हा त्यांचाही पलंग यातच बसवतोय. ती म्हणाली, ‘बाबा कधी बोललेच नाहीत. आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.’ मी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलं. कूलर गॅलरीच्या खिडकीत होता. खालचा पलंग बाहेर काढला की न्हाणीची वाट अडत होती. टीव्हीचं टेबल दीड फूट सरकवावं लागणार होतं. टेबल जावयाचं लाडकं होतं हे दिसत होतं, तरी त्यांनी त्याच दिवशी ते स्वतः सरकवलं.

सोफा तयार झाला तेव्हा तिघं दवाखान्यातून थेट दुकानात आले. दुपारचे बारा वाजले असतील. कौसल्याबाई थकलेल्या दिसत होत्या. मी दोघांना पडद्यामागे नेलं. वामनरावांनी खालचा पलंग ओढला, मिटवला, पुन्हा ओढला. शेतातलं नवं अवजार पाहावं तसा त्यांनी पायांचा खटका दोनदा तपासला. मी म्हटलं, आता झोपून पाहा, आणि बाहेर आले.

बाहेर वैशाली दवाखान्याची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी दुसऱ्या टोकाला खुर्च्या दाखवल्या. मागे बशीरभाईंची हातोडी चालू होती, तीही थांबली. पडद्यामागून काही आवाज येत नव्हता. वैशालीला काळजी वाटली, पाहा बरं काय झालं, म्हणाली. मी पडदा थोडा बाजूला केला.

कौसल्याबाई झोपल्या होत्या. कुशीवर, तोंड थोडं उघडं, पदर गालाखाली. त्यांचा हात खाली आला होता आणि तो वामनरावांच्या हातात होता. ते मात्र टक्क जागे, सरळ पाठीवर, छताच्या पंख्याकडे पाहत. मला पाहून त्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

माझ्या मागे वैशाली उभी होती. तिनं ते पाहिलं, माझ्या हातातला पडदा हळूच सोडवून घेतला आणि बंद केला. परत खुर्चीत बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ‘ऑपरेशनपासून माय अशी झोपली नाही,’ ती म्हणाली. ‘मी तिच्याजवळ झोपून पाहिलं, लाइट चालू ठेवून पाहिला. मला वाटलं, दुखतं म्हणून उठते.’

आम्ही त्यांना उठवलं नाही. शेठ जेवून आले. मी खुणेनं सांगितलं, तर त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, गल्ल्यावर बसले आणि फोनवर बोलायचं होतं ते बाहेर रस्त्यावर जाऊन बोलले. पाऊण तासाने कौसल्याबाई जाग्या झाल्या आणि दुकानात आपल्याला झोप लागली म्हणून इतक्या शरमल्या, की जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही.

पुढे एकदा चाकांचे स्क्रू आवळायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. नातवाने खालच्या पलंगाला ‘आबांची गाडी’ असं नाव दिलं होतं आणि दिवसा त्यावर बसून तो घरभर प्रवास करत होता. इंजेक्शनांनी कौसल्याबाईंचे केस गेले होते. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला, पण झोप येते म्हणाल्या. वैशालीने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की आता जेवणं झाली की तिचा नवरा मुलांना घेऊन बेडरूममधे जातो आणि दार लावून घेतो. टीव्हीचा त्याला फार नाद होता, तो त्याने आपणहून कमी केला. याबद्दल घरात कोणी कोणाशी एक अक्षर बोललेलं नव्हतं.

त्यानंतर बरेच महिने काही खबर नव्हती. अशा गिऱ्हाइकांना आपण होऊन फोन करायला मला भीती वाटायची. मग एक दिवस वामनराव दुकानात आले, हातात वांग्यांची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पिशवी. ती त्यांनी आधी माझ्या टेबलावर ठेवली, मग सांगितलं, की तपासण्या चांगल्या निघाल्या, आता तीन महिन्यांतून एकदा दाखवायचं, आणि ती गावी आली. केस परत येऊन राहिले, एवढे एवढे, असं त्यांनी चिमटीत धरून दाखवलं. एवढं सांगून झालं, तरी ते उठेनात.

‘तसाच एक अजून पाहिजे,’ ते म्हणाले. ‘गावच्या घरासाठी.’

मला नवल वाटलं. लेकीकडचा तिथेच राहू दे, तपासणीला आल्यावर लागतो, हे ठीक होतं. पण खेड्यात त्यांचं घर चांगलं ऐसपैस होतं, तिथे असल्या अडचणीच्या घरातल्या वस्तूचं काय काम? मी म्हटलं, काकाजी, जागा आहे तर सरळ मोठा लाकडी पलंग घ्या, जन्मभर टिकेल.

त्यांनी मान हलवली. ‘पलंग नेला तर सारं गाव पुसन, आता म्हातारपणी कायले पाहिजे म्हनून. सोफा नेला तर कोनी काही पुसत नाही.’

बशीरभाईंनी दुसरा सोफा पहिल्यापेक्षा मन लावून केला. तो पोचवायला टेम्पोबरोबर जायचं मला काही कारण नव्हतं, तरी मी गेले. घर विटांचं, वर टिनाचं छप्पर, ओसरीत झेंडूचा ढीग आणि त्यावर ओलं पोतं. कौसल्याबाईंच्या डोक्यावर बारीक पांढरे केस आले होते, लहान मुलासारखे. त्यांनी पदर त्यावर घट्ट ओढून घेतला होता. सोफा मधल्या खोलीत लागला, खालचा पलंग आत सारलेला, वर पाठीच्या उशा. पाहिलं तर कोणाच्याही घरात असतो तसा.

थोड्या वेळात शेजारच्या बाया पाहायला आल्या. तिघी ओळीने बसल्या, चौथी उभी राहिली. एकीने विचारलं, ‘उघडते का हा?’

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ‘नाही वं माय,’ त्या म्हणाल्या, ‘बसाचाच हाय.’

वामनराव दारातच उभे होते, ते एकदम टेम्पोवाल्याला पाणी द्यायला निघून गेले.

टोकाला बसलेली बाई त्यांच्यात वयाने मोठी होती. बसल्या बसल्या तिनं हात खाली सोडला आणि तो सोफ्याच्या पुढच्या कडेखाली फिरवला. तिच्या बोटांना चाक लागलं. मग खटक्याची दांडी लागली. मी पाहत होते. तिनं हात काढून मांडीवर ठेवला, कौसल्याबाईंच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाली, चांगला आहे, मजबूत आहे. चहा झाला. बाया उठल्या.

मी टेम्पोत बसणार, तर ती बाई पाठोपाठ आली. तिचा म्हातारा समोरच्या ओट्यावर काठी धरून बसला होता. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, आमच्या घरीबी बसाले काही नाही.’

मी टेम्पोवाल्याला थोडं थांबायला सांगितलं, पिशवीतून टेप काढला आणि तिच्या मागे तिच्या घरात गेले.